लिंबगल्लीचं गूळपाणी

११ एप्रिल १९८३, सोमवार. मुखेड

आज सेठांनी मला ही डायरी दिली. लातूरच्या एका दाळमिलची आहे, वरती तुरीच्या शेंगांचं चित्र. म्हणाले, "मडिवाळप्पा, आता जिल्ह्याच्या गावी जायचंय. मुनिमाच्या खिशात डायरी पाहिजे." म्हणजे ठरलं. लातूर जिल्हा होऊन आठ महिने झाले, आणि आमचे बसलिंगप्पा सेठ मुखेडची आडत उचलून तिकडे नेणार. त्यांच्याबरोबर मीही.

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण दिवसभर मला गुदगुल्या होत होत्या. तराजूच्या काट्याकडे बघून हसलो तेव्हा हमाल म्हणाला, "मुनीमजी, पाऊस पडला का काय तुमच्या घरी?"

पाऊस कुठला. मागच्या साली तो तोंड दाखवून गेला तो गेलाच.

घरी सांगितलं. गुरम्मा भाकरी थापत होती, ती थांबली नाही. म्हणाली, "जावा. मी येणार, पण एका बोलीवर. जिथं पोरी माझ्या लेकराला खेळात घेतील तिथंच मी चूल घालीन. तसली गल्ली घावली न्हाई तर शाळा उघडायच्या आत आमी दोघी परत. तुमी सेठच्या गादीवर झोपा एकटे."

अक्कम्मा सात वर्षांची आहे. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झाली. लहानपणी तापात डावा पाय बारीक राहिला, ओढत चालते. इथल्या पोरी वाईट नाहीत. तिला ओट्यावर बसवतात आणि म्हणतात, तू पंच. अक्कम्मा रोज पंच होते आणि संध्याकाळी घरी येऊन बाहुलीला बडवते.

आता गल्ली शोधायची. मला यातलं काही कळत नाही, पण आनंद मात्र फार झाला आहे.

१२ एप्रिल, मंगळवार

सकाळी लिंगपूजेला बसलो असताना युक्ती सुचली. देवापुढे बसून बिऱ्हाडाचा विचार केला, तेवढं माफ व्हावं.

आमचे अप्पा कुठे सोयरीक बघायला गेले की आधी शेजारच्या घरी जाऊन पाणी मागायचे. म्हणायचे, मुलीचं घर तर गूळपाणी देणारच, त्यात काय कळतंय? शेजारी कसे आहेत ते बघावं. मीही तेच करणार. अनोळखी दारात उभं राहून पाणी मागायचं. दुष्काळात जो पाणी देईल तो माणूस, आणि पाण्याबरोबर जो गूळ देईल त्याच्या शेजारी राहायचं. शिवाय पोरं किती, शाळा किती लांब, पाणी कुठून आणतात, सगळं विचारून डायरीत लिहायचं.

गुरम्माला सांगितलं. ती म्हणाली, "दुष्काळात पानी मागत हिंडनार? मारतील तुमाला."

१४ एप्रिल, गुरुवार. गुढीपाडवा

सेठ लातूरला निघाले होते, मला जीपमध्ये घेतलं. ही जीप त्यांनी सरकारी लिलावात घेतलेली. रंग अजून तोच, खाकी. सेठ म्हणतात, रंग चांगला आहे, कशाला बदलू? मी त्यांचा जुना काळा कोट घातला होता, कपाळाला भस्म, बगलेत छत्री, हातात डायरी. आरशात बघितलं तर बरा दिसत होतो.

पहिली बघितली ती गावाबाहेरची नवी वसाहत. घरं सुंदर, फाटकं उंच. एका बाईनं जाळीतूनच सांगितलं, "पाणी नाही, पुढं जा." पुढच्या घरीही तेच. त्यांच्या पुढे जायला घरच नव्हतं, शेत होतं.

नंतर व्यापाऱ्यांची गल्ली. आपलेच लोक, 'शरणार्थ' म्हणून नमस्कार झाले, मूळ गाव विचारलं, लांबची सोयरीकही निघाली. पाणी दिलं, पण देव्हाऱ्यातल्या पळीपेक्षा थोडं मोठं भांडं होतं. रस्त्यावर एक मूल नाही. विचारलं तर म्हणाले, "सगळे शिकवणीला गेलेत." सणाच्या दिवशी!

रागावलो नाही. पाणी नसलेल्याला पाणी मागणं ही माझीच परीक्षा होती. तरी जीपमध्ये बसल्यावर सेठ म्हणाले, "काय मुनीमजी, तोंड सुकलं?" मी म्हणालो, "हो, खरंच सुकलंय."

१९ एप्रिल, मंगळवार

आज काय झालं ते कसं लिहू!

सेठांनी मला एका गल्लीच्या तोंडाशी सोडलं. लिंबगल्ली. आत एक मोठा कडुलिंब, त्याखाली रिकाम्या कळश्यांची रांग, आणि सगळीकडे पोरं. पोरी ठिकरी खेळत होत्या. जमिनीवर चौकोन आखलेले आणि एका पायावर उड्या मारत खापरीचा तुकडा पुढे सरकवायचा. मी तिथेच उभा राहिलो. एका पायावर! माझ्या डोक्यात काहीतरी लखकन झालं.

पहिल्याच दारात एक बाई डाळ निवडत होत्या. केवळाबाई नाव. पाणी मागितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कोट बघितला, गल्लीच्या तोंडाशी वळणारी जीप बघितली आणि आत तोंड करून ओरडल्या, "गं लते! मोठा तांब्या आन! गूळ आन! आगं फुटका न्हाई, मोठा आन!"

गूळ! न मागता! तोही ढेपेतून फोडलेला चांगला खडा.

मी पाणी पितोय तोवर शेजारचीनं सरबत आणलं. कुणी खुर्ची मांडली. मी डायरी उघडून विचारलं, "घरं किती आहेत इथं?" तर पाच-सहाजण एकदम सांगायला लागले. पोरं किती, म्हातारे किती, टँकर कधी येतो, आडातलं पाणी कधी आटलं, सगळं. मी सावकाश लिहून घेत होतो, तर एकजण दुसऱ्याला म्हणाला, "गप रे, लिहू दे की त्यांना नीट."

मग दत्तोपंत आले. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, धुतलेली टोपी घालून आले. म्हणाले, "साहेब, आजवर आमच्या गल्लीची कुणी अशी विचारपूस केली नव्हती."

मी म्हणालो, "मला गल्ली फार आवडली. माझा विचार इथंच करायचा आहे."

टाळ्या! खरंच लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवळाबाईंनी माझ्यावरून बोटं मोडली. मी विचारलं, बिऱ्हाडाला दोन खोल्या मिळतील का? दत्तोपंत म्हणाले, "आपण स्वतः इथं राहणार? माझ्या मागच्या दोन खोल्या आपल्याच समजा."

जिल्ह्याच्या गावात अशी माया. लोक उगाच शहरांना नावं ठेवतात. परतताना जीपमध्ये मी गुणगुणत होतो. सेठांनी दोनदा वळून माझ्याकडे बघितलं.

२० एप्रिल, बुधवार

गुरम्माला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब म्हनले तुमाला?"

"शहरात सगळ्यांनाच म्हणतात."

"आन टाळ्या कामून वाजवल्या?"

"आनंद झाला म्हणून."

"तुमी येनार म्हनून आनंद झाला?" असं म्हणून ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला जरा वाईट वाटलं. मी इतका काही टाकाऊ नाही.

२ मे, सोमवार

अक्कम्माला घेऊन एसटीनं लातूरला जाऊन आलो. आधी सिद्धेश्वराचं दर्शन, मग लिंबगल्ली. पोरींनी तिला लगेच ठिकरीत घेतलं! केवळाबाईंची नात लता सगळ्यांची म्होरकी, तिनं आपली खापरी अक्कम्माला दिली. आणि अक्कम्माचा उजवा पाय! जन्मभर तिचा सगळा भार त्यानंच उचललाय. ती अशी उड्या मारत गेली की मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. लोक म्हणाले, "बसा, बसा साहेब." मला बसवतच नव्हतं.

परत येताना मात्र पोरगी गप्प. मी विचारलं, काय झालं?

"अप्पा, माझा पाय दोनदा रेषेवर पडला. त्या मला बाद करीत न्हाईत."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं न्हाई," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. लहान मुलांचं काही कळत नाही.

१५ मे, रविवार. बसवजयंती, आखिती. लातूर

अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त बघून आलो होतो.

सेठांच्या जीपमध्ये सामान, आम्ही तिघं, आणि गल्लीच्या तोंडाशी हलगी वाजत होती. मला वाटलं बसवजयंतीची मिरवणूक असेल. पण हलगीवाला आमच्याच पुढे चालायला लागला. बाया रिकाम्या कळश्या घेऊन दोन बाजूंना उभ्या होत्या. केवळाबाईंनी गुरम्माला ओवाळलं. गुरम्मा माझ्या कानाशी पुटपुटली, "आवो, ह्ये आपल्यासाठी न्हाई. तुमी काय सांगितलंय ह्यांना?" मी म्हणालो, "काही नाही. लोकच चांगले आहेत."

मग दत्तोपंतांनी भाषण केलं. म्हणाले, "नवा जिल्हा झाला, पण बोअर कुठं मारायचं याची पाहणी कुठे झाली? आपल्या गल्लीत. आणि आता पाहणीचे साहेब स्वतःच बिऱ्हाड घेऊन आले. बोअर लिंबाखालीच पडणार, यात शंका नाही."

मी विचारलं, "कसलं बोअर?"

हलगी वाजतच होती. कुणीतरी हलगीवाल्याला गप्प केलं.

"मी बसलिंगप्पा सेठच्या आडतीवर मुनीम आहे," मी म्हणालो. "तूर, करडई, शेंगा."

"आन ही जीप?"

"सेठांनी लिलावात घेतली."

"आन ते लिवून घेतलं ते?"

"मी बिऱ्हाडासाठी गल्ली बघत होतो."

केवळाबाईंच्या हातात अजून आरतीचं ताट होतं. त्या म्हणाल्या, "आन म्या तुमाला गूळ चारला की वं! नातीच्या तोंडचा!"

मागून एकजण खो खो हसला. बाकी कुणी हसलं नाही. कळश्या खणखणत घराघरांत गेल्या. हलगीवाला म्हणाला, "मग माझं काय?" त्याला काय दिलं ते लिहीत नाही. दत्तोपंत भले माणूस, बोलले तर पाळलं; किल्ली दिली, पण टोपी काढून दिली, जशी मयतीला काढतात.

सेठ स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसत होते. म्हणाले, "मुनीमजी, तुम्हाला साहेब समजले? जीपचा रंग बदलायचा राहिला तेच बरं झालं."

गुरम्मानं भांड्यांचं पोतं सोडलं नाही. फक्त स्टोव्ह काढून चहा केला. मातीची चूल घालायचं नाव नाही. म्हणाली, "बघू. शाळा उघडायला वेळ हाय."

१६ मे, सोमवार

पोरं मला "बोअरसाहेब" म्हणून हाका मारतात. मी ओ देतो, दुसरं काय करणार?

त्याचं काही वाटत नाही. दुसरीच गोष्ट टोचते आहे. मला गूळ मिळाला तो कोटाला मिळाला, हे कळलं. मग अक्कम्मालाही खेळात घेतलं ते साहेबाची पोरगी म्हणून? आज ती दिवसभर उंबऱ्यात बसून होती. कुणी बोलवायला आलं नाही. तिनं बाहुली सामानातून काढली आहे.

१७ मे, मंगळवार

सिद्धेश्वराला गेलो. मागण्यासारखं पुष्कळ होतं, मागितलं काही नाही. लोकांच्या माणुसकीची परीक्षा घेत हिंडलो, तेही दुष्काळात. परीक्षा घेणारा मी कोण? एवढंच देवापुढे बोललो.

येताना बाजारातून गुळाची लहान ढेप घेतली. कोट घरी ठेवला. दारोदार गेलो आणि म्हणालो, "तुमचं गूळपाणी प्यालो होतो. गूळ परत आणलाय." कुणी घेतला, कुणी "ठेवा तिथं" म्हणालं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्यो तरी सरकारी न्हाई ना?"

केवळाबाईंनी खडा हातात घेऊन बघितला. "गूळ आनला. पानी कुठाय?"

मी म्हणालो, "ते माझ्याकडे असतं तर मी खरंच साहेब झालो असतो."

त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडतायत. पण खांदे हलत होते. मग पदर सुटला आणि त्या उंबऱ्यावर बसून हसायला लागल्या. "आवो, त्या दिवशी हलगीवाल्यानं मला इचारलं, बाई, साहेबाला फेटा बांधायचा का? म्या म्हनलं, बांध! त्यो फेटा आनायलाच गेला न्हाई म्हनून वाचला तुमी!" शेजारीण आली, तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मी गूळ कसा चोखत होतो त्याची नक्कल करून दाखवली. मग तिसरी आली. मी ढेप घेऊन मध्येच उभा. शेवटी मीही हसलो. पोट दुखेपर्यंत. कितीतरी दिवसांनी इतका हसलो.

"जावा आता," केवळाबाई म्हणाल्या. "टँकर येईल. तुमची कळशी रांगेत ठिवली का न्हाई? न्हाई ठिवली? आस्सं साहेब हाय ह्यो!"

२० मे, शुक्रवार

आडतीवरून आलो तर अक्कम्मा गल्लीतून पाय ओढत, रडत, तणतणत येत होती. परकर धुळीनं माखलेला.

"काय झालं गं?"

"लतीनं मला बाद केलं! रेषेवर पाय पडलाच नव्हता, तरी बाद केलं! दोनदा!"

मागून लता ओरडत आली, "पडला व्हता! लबाड हाय ही! बापासारखी!"

"तू लबाड!"

"चल, पुन्यांदा खेळ मग! भितीस काय?"

आणि दोघी भांडत भांडत परत लिंबाकडे गेल्या. मला फार वाईट वाटलं. पांगळ्या पोरीला असं वागवायचं? मी लतेच्या आजीकडे तक्रार करायला निघालो होतो. मागे वळून बघतो तर गुरम्मा दारात उभी, हसतेय, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"तुला हसू येतंय? तिला बाद केलं त्यांनी."

"हाव," ती म्हणाली. "बाद केलं."

मग आत गेली आणि भांड्यांच्या पोत्याची शिवण दातानं तोडली.

२१ मे, शनिवार

सकाळी गुरम्मा टोपलीभर माती घेऊन आली. चूल घालायची म्हणाली. मी म्हटलं, माती कालवायला पाणी कुठलं? पिण्याची मारामार. तेवढ्यात केवळाबाई भरलेली कळशी कमरेवर घेऊन आल्या.

"घ्या. भांडी धुतलेलं हाय, पिऊ नका, न्हाईतर म्हनाल सरबत दिलं."

दोघी माती तुडवायला लागल्या. मला बाहेर काढलं. चूल मात्र देखणी झाली आहे, दोन तोंडांची. गुरम्मानं तिला हळदीकुंकू वाहिलं. माझी अजून समजूत पटत नाही. पोरीला बाद केलं तर हिनं चूल कशी घातली? विचारलं तर म्हणते, "तुमी पूजा करा."

केली. आज हात जोडल्यावर काही आठवेना, सगळं मिळालं आहे असं वाटत होतं.

४ जून, शनिवार

आज एक भला माणूस भेटला.

दुपारी सायकलवर आला. घामानं भिजलेला, चपलेचा अंगठा दोरीनं बांधलेला. केवळाबाईंच्या दारात पाणी मागितलं आणि घरं किती, माणसं किती विचारायला लागला. त्या म्हणाल्या, "बाबा, आसला एक आमी आधीच ठिवून घेतलाय. दुसरा नगं. जा, त्याच्याकडंच जा." गल्ली हसत सुटली. तो गोंधळून आमच्याकडे आला.

मी त्याला बघताक्षणी ओळखलं. माझ्यासारखाच बिऱ्हाडासाठी हिंडतोय बिचारा. गुरम्मानं गूळपाणी दिलं. मी माझी डायरी काढली आणि एप्रिलमध्ये लिहून घेतलेलं सगळं वाचून दाखवलं. त्यानं भराभर उतरवून घेतलं. म्हणाला, "एवढं नीट मला कुणीच सांगितलं नव्हतं." मी म्हणालो, "आता पुढे बघूच नका. पोरांना ही गल्ली फार चांगली. आधी जरा बाद करतात, पण खेळात घेतात."

तो हसला. गाव विचारलं तर नांदेडजवळचं विष्णुपुरी म्हणाला. तिथं धरणाचं काम चालू आहे, गोदावरीच्या काठचा माणूस इथल्या दुष्काळात कशाला येतोय कोण जाणे. पोटासाठी, दुसरं काय.

मग लिंबाच्या आजूबाजूला बराच वेळ फिरला. दगड उचलून बघितले, आटलेल्या आडात वाकून बघितलं. चोखंदळ माणूस. शेवटी पिशवीतून चुन्याची फक्की काढून लिंबाच्या पलीकडे मोकळ्या जागी मोठं पांढरं रिंगण आखलं आणि मुलांना म्हणाला, "हे पुसू नका बरं का कुणी." पोरं वेडी झाली. ठिकरीला इतकं सुंदर घर कुणी आखून दिलं नव्हतं. ज्याला स्वतःला लेकरं असतात त्यालाच असं सुचतं. जाताना मी म्हणालो, "बिऱ्हाड आणा लवकर." तो म्हणाला, "आणतो, मोठ्या गाडीतून आणतो." सामान बरंच असावं.

आत आलो तर गुरम्मानं घरातल्या सगळ्या कळश्या, घागरी, तांबे काढून राखेनं घासायला घेतले होते. मी म्हणालो, "रिकाम्याच तर आहेत. कशाला घासतेस?"

"असू द्या," ती म्हणाली. तिला इतकं खुशीत मी लग्नातही बघितलं नव्हतं.

बाहेर रिंगणाजवळ कालवा चालला आहे. एका पायावर उभी राहून माझी लेक ओरडते आहे, "पडला! लते, तुझा पाय रेषेवर पडला! तू बाद!"